विश्वात दुसरीकडे बुद्धिमान जीव असण्याची शक्यता : आकडे कुठपर्यंत नेतात?

उत्तरायण

उडत्या तबकड्यांच्या चर्चेत हा विषय दर वेळी वाहून जातो, म्हणून वेगळा धागा काढतोय. ड्रेकच्या समीकरणातल्या कुठल्या घटकाचा आकडा आज खरोखर हातात आहे, कुठला नाही, आणि आतापर्यंत काही सापडलं नाही त्यावरून नेमकं काय म्हणता येतं, एवढ्यावरच इथे बोलू या. जाणकारांनी आपापल्या क्षेत्राचं लिहावं.

फ्रँक ड्रेकने नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या बैठकीसाठी हे समीकरण मांडलं ते चर्चेची विषयपत्रिका म्हणून. आपल्या आकाशगंगेत आत्ता संदेश पाठवू शकणाऱ्या संस्कृती किती, ती संख्या 'एन'. ती सात घटकांचा गुणाकार: दर वर्षी जन्मणारे तारे, त्यांपैकी ग्रह असलेल्यांचं प्रमाण, अशा प्रत्येक ताऱ्याभोवती राहण्याजोगे ग्रह किती, त्यांपैकी किती ठिकाणी जीव उपजतो, त्यातून बुद्धी किती ठिकाणी, त्यातून रेडिओसारखं तंत्र किती ठिकाणी, आणि ते तंत्र किती वर्षं चालू राहतं. शेवटचा घटक 'एल'. त्या बैठकीतल्या अंदाजांनुसार 'एन' एक हजारापासून दहा कोटींपर्यंत कुठेही येत होता.

पहिल्या तीन घटकांचे आकडे आता बऱ्यापैकी हातात आहेत. आकाशगंगेत वर्षाला साधारण दीड ते तीन तारे जन्मतात. ग्रहांच्या बाबतीत १९६१ मध्ये सूर्यमालेबाहेरचा एकही ग्रह ठाऊक नव्हता. १९९५ मध्ये ५१ पेगासी भोवतीचा ग्रह सापडला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये खात्री झालेल्या ग्रहांची संख्या ६,००० च्या वर गेली. सरासरी काढली तर ताऱ्यामागे एक तरी ग्रह येतो. तिसऱ्या घटकासाठी केप्लर दुर्बिणीच्या माहितीवरचा २०२१ चा अभ्यास सूर्यासारख्या ताऱ्यामागे ०.३७ ते ०.६० खडकाळ, वसतियोग्य पट्ट्यातले (पाणी द्रवरूप राहू शकेल अशा अंतरावरचे) ग्रह देतो. त्याच्या भोवतीची त्रुटीमर्यादा बरीच मोठी आहे आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना (हे त्याचं अधिक्रमण) ताऱ्याचा प्रकाश घटतो, त्यावरून केप्लर ग्रह शोधायची. दुरून पाहिलं तर पृथ्वी सूर्यासमोरून जाते तेव्हा प्रकाश फक्त ०.००८४ टक्के घटतो, तोही वर्षातून एकदा, जेमतेम १३ तास. ग्रहाची कक्षा नेमकी आपल्या दृष्टिरेषेत असण्याची शक्यता ०.४७ टक्के. खात्रीसाठी किमान तीन अधिक्रमणं लागतात. त्यात केप्लरने पाहिलेल्या ताऱ्यांचा प्रकाश अपेक्षेपेक्षा जास्त चंचल निघाला आणि मे २०१३ मध्ये दिशा स्थिर ठेवणाऱ्या चार चाकांपैकी दुसरं चाक बंद पडलं. त्यामुळे नेमक्या पृथ्वीसारख्या ग्रहांचा आकडा थेट मोजलेला नसून जवळच्या कक्षांतल्या ग्रहांवरून पुढे ओढलेला आहे.

तरी हा घटक दहापट चुकला असेल, अब्जपट नाही. खरी वाट इथून पुढे अंधारात जाते. चौथा आणि पाचवा घटक आपल्याकडे फक्त एका उदाहरणावरून आहे.

नवी_वाचक

आकाशगंगेत दहा हजार कोटींहून जास्त तारे. एवढ्यांत आपण एकटे असणं गणितानेच अशक्य वाटतं. ही विचारसरणी कुठे चुकते?

सांख्यिक

ती चुकते सरासरीवर विसंबल्यामुळे. २०१८ मध्ये सँडबर्ग, ड्रेक्सलर आणि ऑर्ड यांनी हे स्वच्छ दाखवलं. स्प्रेडशीटमध्ये स्वतः करून पाहता येतं.

समजा जीव ते तंत्र या वाटेवर नऊ टप्पे आहेत आणि प्रत्येकाची शक्यता ०.१ धरली. नऊ वेळा गुणून एक अब्जांश आला. गुणिले १०,००० कोटी तारे, म्हणजे १०० संस्कृती. आता १०० अपेक्षित असताना एकही नसण्याची शक्यता ई (२.७१८) चा उणे १०० वा घात, म्हणजे शून्यच म्हणा. तुमचा युक्तिवाद इथवर येऊन थांबतो.

आता प्रत्येक टप्पा 'नक्की ०.१' न धरता '० ते ०.२ मध्ये कुठेही' धरा. नऊ स्तंभांत यादृच्छिक संख्या घ्या, प्रत्येकीला ०.२ ने गुणा. दहाव्या स्तंभात नवांचा गुणाकार गुणिले १०,००० कोटी. अकराव्यात ई चा उणे तेवढा घात, ही त्या ओळीपुरती आकाशगंगा रिकामी असण्याची शक्यता. अशा १०,००० ओळी करून अकराव्या स्तंभाची सरासरी काढा. सुमारे २१ टक्के येईल. अपेक्षित सरासरी अजूनही १०० च आहे, पण ती काही थोड्या ओळींतल्या प्रचंड आकड्यांनी वर उचलली गेलेली असते.

आणि इथे अज्ञान फक्त दुपटीचं धरलंय. जीव उपजण्याच्या शक्यतेबद्दलचं खरं अज्ञान दहाच्या अनेक घातांचं आहे. ते प्रामाणिकपणे गणितात घातल्यावर त्यांच्या निबंधात आपण आकाशगंगेत एकटे असण्याची शक्यता ५३ ते ९९.६ टक्के आली, आणि सगळ्या दृश्य विश्वात एकटे असण्याची ३९ ते ८५ टक्के. हे आकडे निसर्गाबद्दल कमी आणि आपल्या अज्ञानाच्या रुंदीबद्दल जास्त सांगतात. पण 'एवढे तारे, म्हणजे असणारच' हे वाक्य त्यातून गळून पडतं.

पेशीकेंद्रक

जीवशास्त्राच्या बाजूने. पृथ्वी ४.५४ अब्ज वर्षांची. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातले स्ट्रोमॅटोलाइट (सूक्ष्मजीवांच्या थरांचे जीवाश्म) ३.४८ अब्ज वर्षांपूर्वीचे, ते बहुतेकांना मान्य आहेत. तिथल्याच जॅक हिल्सच्या झिरकॉन स्फटिकांतला ४.१ अब्ज वर्षांपूर्वीचा कार्बन जैविक असल्याचा दावा वादग्रस्त. यावरून 'जीव लगेच उपजला, म्हणजे तो सहज उपजतो' असं सर्रास लिहिलं जातं. पण आपल्यापर्यंत यायला उत्क्रांतीला चार अब्ज वर्षं लागली आणि सूर्य दर अब्ज वर्षांना सुमारे १० टक्क्यांनी प्रखर होतोय. पृथ्वी आणखी साधारण एक अब्ज वर्षंच राहण्याजोगी राहील. जीव उशिरा उपजला असता तर हा प्रश्न विचारायला कोणी नसतंच. म्हणजे लवकर सुरुवात दिसणं हे अंशतः निरीक्षकाच्या निवडीमुळे आहे. स्पीगल आणि टर्नर यांनी २०१२ मध्ये हेच गणिताने मांडलं. डेव्हिड किपिंगने २०२० मध्ये तेच गणित जास्त काटेकोर केलं: जीव लवकर उपजतो या बाजूला किमान ३ विरुद्ध १, वादग्रस्त झिरकॉन खरा धरला तर ९ विरुद्ध १. बुद्धीच्या बाबतीत मात्र ती दुर्मिळ असण्याकडे ३ विरुद्ध २ एवढाच कल. ३ विरुद्ध २ म्हणजे जवळपास काहीच कळलं नाही.

माझ्या मते खरी अडचण दृश्यकेंद्रकी, म्हणजे आवरणातलं केंद्रक असलेल्या, पेशीची आहे. पहिली दोन अब्ज वर्षं पृथ्वीवर फक्त आदिकेंद्रकी, म्हणजे असं केंद्रक नसलेले, जीव. मग आर्किया नावाच्या आदिकेंद्रकी गटातल्या एका पेशीत एक जिवाणू राहिला, त्याची तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) झाली, आणि आज दिसणारी प्रत्येक वनस्पती, बुरशी, प्राणी त्या एकाच घटनेचे वंशज. बहुपेशीय रचना किमान २५ वेळा स्वतंत्रपणे झाली, डोळे अनेकदा झाले, पण हे एकदाच.

'एकदाच झालं' याचा अर्थ 'दुर्मिळ' असाच होतो का, हाही प्रश्न आहे. पहिल्याने जागा व्यापली की दुसऱ्याला संधी उरत नाही. शिवाय पेशीने दुसऱ्या पेशीला कायमचं सामावून घेणं नंतरही घडलंय: पॉलिनेला या अमीबासदृश जिवात सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी, आणि २०२४ मध्ये नायट्रोजन स्थिर करणारं एक अंगक (पेशीतला कायमचा भाग) एका सागरी शैवालात सापडलं. फक्त दोन्हीकडे सामावून घेणारी पेशी आधीच दृश्यकेंद्रकी होती, त्यामुळे मूळ पायरी किती अवघड हे त्यावरून ठरत नाही. १९८३ पासून ब्रँडन कार्टरची 'अवघड पायऱ्यां'ची मांडणी चालत आली आहे: बुद्धीपर्यंत यायला काही फार क्वचितच घडणारे टप्पे ओलांडावे लागतात. २०२५ मध्ये मिल्स आणि सहकाऱ्यांनी तिला उलट बाजूने आव्हान दिलं: पायऱ्या अवघड नव्हत्या, पृथ्वीचं वातावरण आणि समुद्र तयार व्हायला वेळ लागला, आणि परिस्थिती आली तसे टप्पे घडत गेले. ते खरं असेल तर बुद्धीचं वेळापत्रक ग्रहाच्या रसायनावर ठरतं.

भूस्तर

पेशीकेंद्रक यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. बुद्धी असूनही तंत्र नसणं सहज शक्य आहे, आणि त्याची कारणं भूगर्भात आहेत.

पहिलं, आग. हवेत ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास नसेल तर उघड्यावर ज्वलन टिकत नाही. ज्वलन नाही तर धातू वितळवणं नाही, भट्टी नाही, काच नाही. बाल्बी आणि फ्रँक यांनी २०२३ मध्ये याला स्वतंत्र अडथळा म्हणून मांडलं. श्वसनाला याहून बराच कमी ऑक्सिजन पुरतो, त्यामुळे प्राणी आहेत पण आग नाही असे ग्रह असू शकतात. पृथ्वीवर ऑक्सिजन पहिल्यांदा वाढला २.४ अब्ज वर्षांपूर्वी, पण जळलेल्या वनस्पतींचा कोळसा खडकांत मिळतो तो गेल्या ४२ कोटी वर्षांतलाच.

दुसरं, जमीन. संपूर्ण पाण्याखालच्या ग्रहावर ऑक्टोपससारखा हुशार प्राणी घडेलही, पण त्याचा रेडिओ प्रक्षेपक होणार नाही. स्टर्न आणि गेर्या यांनी २०२४ मध्ये सुचवलं की समुद्र आणि खंड दोन्ही असणं आणि भूपट्टांची हालचाल दीर्घकाळ चालणं या दोन अटी पाचव्या घटकात घातल्या तर तो ०.००००३ ते ०.००२ वर येतो. हे आकडे ठाम मानू नयेत, कारण भूपट्ट हलणारा ग्रह आपल्याला एकच ठाऊक आहे. शुक्राचा आकार, वस्तुमान जवळपास पृथ्वीएवढंच, आणि तिथे अशी हालचाल दिसत नाही.

तिसरं, योगायोग. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या चिक्शुलुबला अशनी आदळला आणि त्याच काळात आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट थरावर थर साचत होता. डायनोसॉर संपण्यात लाव्ह्याचा वाटा किती यावर वाद चालू आहे. पण त्याआधी डायनोसॉर सोळा कोटींहून जास्त वर्षं नांदले आणि त्या काळात त्यांच्यातून हत्यारं घडवणारा जीव झाला नाही. बुद्धी ही उत्क्रांतीची दिशा आहे असं मानणाऱ्यांनी या सोळा कोटींचं उत्तर दिलं पाहिजे.

नवी_वाचक

आपले दूरदर्शनचे कार्यक्रम, रेडिओ सत्तर-ऐंशी वर्षांपासून अवकाशात जात आहेत. तसंच त्यांचंही आपल्यापर्यंत यायला हवं ना? साठ वर्षं ऐकूनही काही नाही, म्हणजे कोणी नाही, असं का म्हणू नये?

खोडद_रेडिओ

याचं उत्तर गणिताने देतो, कारण या एका गैरसमजावर अर्धी चर्चा उभी असते.

अरुंद पट्ट्याचा संकेत सापडायला किमान किती तीव्रता हवी त्याचं सूत्र: गोंगाटाच्या किती पट हवा ते गुणोत्तर, गुणिले दुर्बिणीची गोंगाटपातळी जान्स्कीत (रेडिओ तीव्रतेचं एकक), गुणिले वर्गमूळात (वाहिनीची रुंदी भागिले ध्रुवीकरणं गुणिले वेळ). ग्रीन बँकच्या १०० मीटर दुर्बिणीचे आकडे घाला. गुणोत्तर १०, गोंगाटपातळी साधारण १० जान्स्की, वाहिनी २.८ हर्ट्झ, ध्रुवीकरणं दोन, वेळ पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. वर्गमूळातली संख्या २.८ भागिले ६००, तिचं मूळ ०.०६८. एकूण ६.८ जान्स्की-हर्ट्झ, म्हणजे ६.८ × १०^-२६ वॅट प्रति चौरस मीटर.

आता प्रक्षेपकाची परिणामी शक्ती (त्याचा झोत सगळ्या दिशांना तेवढाच तीव्र असता तर लागली असती ती) भागिले (४π गुणिले ही तीव्रता) आणि त्याचं वर्गमूळ, हे झालं कमाल अंतर.

दहा लाख वॅटचा दूरदर्शन प्रक्षेपक घ्या. अंतर येतं ०.११ प्रकाशवर्ष. सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर. म्हणजे पृथ्वीची हुबेहूब जुळी प्रॉक्सिमाभोवती असती आणि रोज रात्री मालिका प्रक्षेपित करत असती, तरी पाच मिनिटांच्या निरीक्षणात ग्रीन बँकला ती ऐकू येणार नाही. वेळ शंभरपट केला तरी अंतर फक्त ३.२ पट वाढतं, कारण मूळ दोनदा घेतलं जातं.

पोर्तो रिकोतल्या, २०२० मध्ये कोसळलेल्या अरेसिबो दुर्बिणीच्या ग्रह-रडारची गोष्ट वेगळी. दहा लाख वॅट ३०५ मीटरच्या थाळीने एका बारीक झोतात आवळले की परिणामी शक्ती सुमारे २० लाख कोटी वॅट. ती ५१० प्रकाशवर्षांवरून सापडते. पण आवळण्याची किंमत बघा: झोत आकाशाच्या सुमारे दोन कोटींव्या भागावर पडतो. अनोळखी दिशेला सहज फिरणाऱ्या अशा झोतात आपण सापडण्याची शक्यता दोन कोटींत एक. जाणूनबुजून आपल्याकडे रोखला असेल तरच आशा.

त्यामुळे 'काही नाही सापडलं' याचा अर्थ मोजूनमापून लावायचा. ब्रेकथ्रू लिसन या परग्रहावरचे संकेत शोधणाऱ्या प्रकल्पाने २०२० मध्ये १,३२७ जवळच्या ताऱ्यांचा निकाल दिला, १.१ ते ३.४५ गिगाहर्ट्झमध्ये, तारे सुमारे १६० प्रकाशवर्षांच्या आतले. ग्रीन बँकच्या निरीक्षणांत २ लाख कोटी वॅटच्या वरचं काही असतं तर दिसलं असतं. शून्य सापडलं की ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा ढोबळ मानाने ३ भागिले १,३२७, म्हणजे ०.२३ टक्के. वाक्य असं वाचायचं: जवळच्या ताऱ्यांपैकी ०.२३ टक्क्यांहून जास्त ताऱ्यांभोवती एवढ्या शक्तीचा, या पट्ट्यातला, आपल्याकडे रोखलेला आणि सतत चालू असलेला प्रक्षेपक नाही. यातलं एकही विशेषण गाळलं की विधान खोटं होतं. २०१८ मध्ये राइट, कनोडिया आणि लुबार यांनी दिशा, वारंवारता, शक्ती, वेळ वगैरे आठ मितींत आतापर्यंतच्या शोधाचं प्रमाण काढलं. पृथ्वीवरचे सगळे महासागर विरुद्ध एक छोटा पोहण्याचा तलाव, एवढं ते भरलं.

उत्तरायण

खोडद_रेडिओ यांचे ५१० प्रकाशवर्ष आणि ड्रेकचा 'एन' एकत्र आणून बघू. आकाशगंगेची तबकडी ५०,००० प्रकाशवर्षं त्रिज्येची धरली तर क्षेत्रफळ ७.८५ अब्ज चौरस प्रकाशवर्ष. 'एन' संस्कृती समान विखुरल्या असतील तर दोघांतलं अंतर साधारण ८८,६०० भागिले 'एन' चं वर्गमूळ. 'एन' १०० असेल तर शेजारी ८,८६० प्रकाशवर्षांवर. १,००० असेल तर २,८००, म्हणजे प्रश्नोत्तराला ५,६०० वर्षं. शेजारी ५१० च्या आत यायला 'एन' ३०,००० हवा. आणि समीकरणातल्या पहिल्या सहा घटकांचा गुणाकार १ आला असं अत्यंत उदारपणे धरलं तर 'एन' आणि 'एल' एकच आकडा होतो. म्हणजे रेडिओ तंत्र सरासरी तीस हजार वर्षं टिकलं पाहिजे. आपलं अजून दीडशेही झालेलं नाही.

सांख्यिक

तबकडीची जाडी इथे सोडून चालणार नाही. ती सुमारे १,००० प्रकाशवर्षं आहे, त्यामुळे अंतर हजाराखाली गेलं की क्षेत्रफळाऐवजी घनफळ धरावं लागतं. तसं केलं तर ५१० साठी 'एन' जवळपास ६०,००० येतो. युक्तिवाद त्याने आणखी घट्ट होतो.

ध्रुवमत्स्य

रेडिओ सोडा. फर्मीचा १९५० चा 'मग सगळे आहेत कुठे?' हा प्रश्न अजून उभा आहे. प्रकाशाच्या एक टक्का वेगाने एक लाख प्रकाशवर्षांची आकाशगंगा एक कोटी वर्षांत ओलांडता येते, आणि ती दहा अब्ज वर्षांहून जुनी आहे. एकानेही पसरायचं ठरवलं असतं तर?

उत्तरायण

म्हणूनच याचा शोध उष्णतेवरून घेतात. ताऱ्याचा प्रकाश मोठ्या प्रमाणात वापरला तर वापरलेली ऊर्जा अवरक्त प्रारणात बाहेर टाकावीच लागते, ऊष्मागतिकी कुणाला सोडत नाही. वाइज उपग्रहाच्या माहितीतून सुमारे एक लाख दीर्घिका तपासल्या गेल्या. २०१५ चा निकाल: ताराप्रकाशाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग असा बदलून बाहेर टाकणारी एकही नाही. ५० टक्क्यांच्या वर संशयित अशा ५० निघाल्या, पण धुळीने भरलेल्या, जोरात तारे घडवणाऱ्या दीर्घिकाही अशाच दिसतात. माझ्या दृष्टीने शोधाच्या इतिहासातलं हे सर्वांत वजनदार 'नाही' आहे, कारण यात समोरच्याने आपल्याशी बोलावं अशी अट नाही. केआयसी ८४६२८५२ या ताऱ्याचा प्रकाश २२ टक्क्यांपर्यंत घटताना दिसला तेव्हा मोठ्या बांधकामाची चर्चा झाली. पण घट निळ्या रंगात जास्त आणि लाल रंगात कमी निघाली, हे बारीक धुळीचं लक्षण. घन वस्तूने सगळे रंग सारखेच अडवले असते.

नवी_वाचक

संकेत आलाच तर तो खरा की खोटा हे कसं ठरवतात? वॉव संकेताचं काय झालं?

खोडद_रेडिओ

वॉव: १५ ऑगस्ट १९७७, ओहायोची बिग इअर दुर्बीण, ७२ सेकंद, १४२० मेगाहर्ट्झच्या जवळ. दुर्बीण जमिनीवर स्थिर असल्याने आकाशातला कुठलाही बिंदू झोतातून ७२ सेकंदांतच सरकतो, तेवढं जुळलं. पण तिला दोन शिंगं (संकेत गोळा करणारी तोंडं) होती आणि काही मिनिटांच्या फरकाने दोन्हीत दिसायला हवं होतं. दिसलं एकातच. वाहिनी १० किलोहर्ट्झ रुंद, कच्ची माहिती साठवलेली नाही, नंतर कधी पुन्हा दिसला नाही. त्यावर पुढे काहीच करता येत नाही.

आजची पद्धत अशी. लक्ष्य ताऱ्याकडे पाच मिनिटं, मग कित्येक झोतरुंदी दूर दुसरीकडे पाच मिनिटं, पुन्हा लक्ष्य, पुन्हा तिसरीकडे, अशी सहा निरीक्षणं. लक्ष्याच्या तिन्हींत आहे आणि बाकी तिन्हींत नाही, तोच पुढे जातो. दुसरी चाळणी वारंवारतेच्या सरकण्याची. पृथ्वी फिरते म्हणून विषुववृत्तावर १४२० मेगाहर्ट्झचा बाहेरचा संकेत सेकंदाला ०.१६ हर्ट्झपर्यंत सरकतो, समोरच्या ग्रहाचं फिरणं त्यात मिसळतं. जो अजिबात सरकत नाही तो आपल्याच जमिनीवरचा, तो गाळायचा. सहसा ±४ हर्ट्झ प्रति सेकंदापर्यंतचे सगळे उतार, म्हणजे सरकण्याचे वेग, तपासतात.

यात एक अंगभूत तोटा आहे. वाहिनी २.८ हर्ट्झ आणि एकेक नमुना १८ सेकंदांचा असेल तर ०.१५ हर्ट्झ प्रति सेकंदाहून वेगाने सरकणारा संकेत एका नमुन्यातच अनेक वाहिन्यांवर पसरतो आणि फिका पडतो. ४ हर्ट्झ प्रति सेकंदाला तो सव्वीसेक वाहिन्यांत वाटला जातो. ताऱ्याला खेटून फिरणाऱ्या ग्रहांसाठी हे महत्त्वाचं.

चाळण्या पार करूनही फसवणूक होते, त्याचं उत्तम उदाहरण बीएलसी१. २९ एप्रिल २०१९, ऑस्ट्रेलियाची पार्क्स दुर्बीण प्रॉक्सिमाकडे, ९८२.००२ मेगाहर्ट्झ, सुमारे पाच तास, सेकंदाला ०.०३८ हर्ट्झ सरकत. दुर्बीण दुसरीकडे वळवली की गायब. २०२१ मध्ये सोफिया शेख आणि सहकाऱ्यांनी त्याच माहितीत असाच उतार असलेले सुमारे ६० सोबती दुसऱ्या वारंवारतांवर शोधले. त्यांच्यातली अंतरं इलेक्ट्रॉनिक उपकरणांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या घड्याळ-स्पंदकांच्या वारंवारतांच्या पटीत निघाली आणि काही सोबती दुर्बीण दुसरीकडे असतानाही हजर होते. म्हणजे जवळपासच्या कुठल्यातरी उपकरणातलं मिश्रण. याच पार्क्सला पेरिटॉन नावाचे गूढ स्पंद वर्षानुवर्षं मिळत होते. २०१५ मध्ये कळलं, चालू मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार मध्येच उघडलं की ते येतात.

हा व्यत्यय टाळायला अनेक अँटेनांची व्यवस्था फार उपयोगी. नारायणगावजवळ खोडदला आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, १४ मध्यभागी आणि १६ तीन हातांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. एका अँटेनाजवळच्या मोटारीची ठिणगी दुसऱ्या टोकाच्या अँटेनाला त्याच कालफरकाने पोचत नाही, ताऱ्याचा संकेत मात्र सगळीकडे गणिती फरकाने पोचतो. त्यामुळे आकाशातलं आणि जमिनीवरचं वेगळं काढता येतं. भौतिक क्षेत्रफळ ४७,००० चौरस मीटरच्या वर, पण प्रणालीचं तापमान ग्रीन बँकपेक्षा जास्त असल्याने फायदा त्या प्रमाणात मिळत नाही. वरची मर्यादा १४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे हायड्रोजनची १४२० ची रेषा जेमतेम आत. त्या परिसराची रेडिओ-शांतता जपण्याचा प्रश्न पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीतही आला होता. ती शांतता एकदा गेली की सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही, आणि याबद्दल आपण मराठी लोकांनी तरी आग्रही असायला हवं.

ध्रुवमत्स्य

घरच्या संगणकावर यातलं काही करता येतं का?

खोडद_रेडिओ

येतं. ब्रेकथ्रू लिसनची माहिती खुली आहे. पायथनमध्ये ब्लिंपी आणि टर्बोसेटी ही दोन पॅकेजं बसवा. सुरुवात व्हॉयेजर १ च्या नमुना फाइलने करा, ती पन्नास एमबीच्या आतली आहे, ग्रीन बँकने घेतलेली. कमाल उतार ४ आणि गुणोत्तर १० ठेवून चालवलं की तीन नोंदी यायला हव्यात: मधली वाहक लहर ८४१९.३० मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सुमारे २२.५ किलोहर्ट्झवर एकेक फिकी पट्टी. उतार तिन्हींचा उणे ०.३७ ते उणे ०.३९ मध्ये. हे तीन आले नाहीत तर बहुधा उताराची मर्यादा फार कमी ठेवली गेली आहे. सुमारे वीस वॅटचा प्रक्षेपक, तोही सूर्यमालेच्या टोकाकडे, आणि तरी इतका ठसठशीत दिसतो. ते जमलं की खऱ्या ताऱ्यांच्या सहा-सहा फाइल्सच्या संचाकडे वळा, पण त्या गिगाबाइटमध्ये असतात. आलेल्या नोंदींतून ११७६.४५, १२२७.६० आणि १५७५.४२ च्या भोवतालचा दिशादर्शक उपग्रहांचा भाग, १०९० चा विमानांचा आणि १६१६ ते १६२६.५ चा इरिडियम दूरध्वनी-उपग्रहांचा भाग आधी बाजूला काढा. नाहीतर पहिल्याच दिवशी हजारो 'शोध' लागतील.

नवी_वाचक

के२-१८बी वर जीवाची खूण सापडल्याचं वाचलं होतं. त्याने चौथा घटक कळला म्हणायचं का?

पेशीकेंद्रक

नाही. १२४ प्रकाशवर्षांवरचा, पृथ्वीच्या ८.६ पट वस्तुमानाचा ग्रह. एप्रिल २०२५ मध्ये मधुसूदन यांच्या गटाने डायमिथिल सल्फाइडची (पृथ्वीवर हे मुख्यतः सागरी सूक्ष्मजीव बनवतात) खूण तीन सिग्मा पातळीवर, म्हणजे निव्वळ योगायोगाची शक्यता सुमारे ०.३ टक्के, अशी सांगितली. दुसऱ्या गटांनी तीच माहिती वेगळ्या प्रतिमानांनी तपासली तेव्हा ती टिकली नाही. शिवाय हे रसायन धूमकेतूतही मिळालंय, म्हणजे जीवाशिवाय तयार होऊ शकतं.

चौथा घटक खऱ्या अर्थाने हलेल तो घराजवळ. शनीचा चंद्र एन्सेलाडस याच्या फवाऱ्यांत कॅसिनी यानाच्या माहितीतून २०१७ मध्ये हायड्रोजन आणि २०२३ मध्ये फॉस्फेट सापडलं. गुरूच्या युरोपा चंद्राचा अभ्यास करणारं युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय, २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. एकाच सूर्यमालेत जीव दोनदा स्वतंत्रपणे उपजला असं दिसलं तर सांख्यिक यांच्या तक्त्यातला तो स्तंभ एका दिवसात १ च्या जवळ सरकेल. 'स्वतंत्रपणे' हे मात्र सिद्ध करावं लागेल. मंगळ आणि पृथ्वीत उल्कांची देवाणघेवाण झालेली आहे, तेव्हा मंगळावरचा जीव आपलाच भाऊबंद असू शकतो. शनीच्या चंद्रापर्यंत तसं पोचणं फार अवघड. तपासायचं ते असं: आपल्या प्रथिनांतली अमिनो आम्लं डाव्या हाताची आहेत, तिथली उजव्या हाताची निघाली तर उगम वेगळा. डावीच निघाली तर वीस अमिनो आम्लांचा संच आणि जनुकीय संकेतावली हेच आहेत का ते बघायचं. आणि त्यासाठी नुसतं जवळून उडून चालणार नाही, नमुना उपकरणात घ्यावा लागेल.